एक जावई कमी ताकदीची गाडी

३ मार्च

लाडक्या इंजिनवाल्यास,

तुझ्या आजीचा वरून आशीर्वाद. वरून म्हणजे टेकडीवरून. अजून तेवढीच वर आहे, घाबरू नकोस.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू 'हो आजी, हो आजी' करतोस आणि मागे तुझी यंत्रं घरघरत असतात. पत्राला बसून उत्तर द्यावं लागतं. अक्षरांची आणि माझी कधी ओळख झाली नाही, आता या वयात करून घ्यायची म्हणजे त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. म्हणून तुझे बाबा लिहितायत. जावयाला समोर बसवून आपण बोलू ते लिहायला लावायचं, हे सुख किती सासवांना मिळतं?

(लेखनिकाची टीप: मी शब्दाला शब्द लिहितो आहे. वजनमापे खात्यात नोकरी केली, मापात फरक करणार नाही. – बाबा)

तर ऐक. आपली गाडी चढावर तिघांना घेत नाही, हे तुला माहीत आहे. गुरुवारी मी खाली शिंपीणबाईंकडे पत्ते खेळायला जाते, तुझी आई गाडी चालवते, बाबा वाचनालयात जातात. येताना चढाच्या पायथ्याशी गाडी धापा टाकते, की जावईबापू मुकाट दार उघडून उतरतात. बारा वर्षं झाली, सांगावं लागत नाही. पाहुणे असले तर तेही उतरतात, जावयांच्या नंतर, मानाप्रमाणे. मग आम्ही दोघी मायलेकी वर येतो. मला दारात सोडून तुझी आई गाडी लावायला जाते. तिला त्यात वीस मिनिटं लागतात. बारा वर्षांत बाईला गाडी लावता आली नाही, पण ते असो.

परवा उतरवाउतरवीत गाडी मागे घसरली आणि पाववाल्याच्या गाडीला टेकली. पावांना काही झालं नाही, पण रस्ते कचेरीची नोटीस आली. गाडीत जितक्या जागा तितकी माणसं बसवून, न थांबता, न उतरवता, वीस एप्रिलला चढ चढून दाखवा. नाहीतर या गाडीला हा रस्ता बंद. आपल्या गाडीला जागा पाच.

माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. गाडी बंद झाली तर मी वर अडकले, पत्ते गेले. तुझी आई म्हणते, घराला कुलूप घालू, खाली तळमजल्यावर खोल्या घेऊ. अरे, या घराचं एकेक दार तुझ्या आजोबांनी तासलंय. सुताराची बायको भाड्याच्या पत्र्याच्या दारामागे जाऊन बसणार?

तेव्हा एवढंच सांग: गाडीची ताकद वाढवता येते का? कायमची नको. त्या एका सकाळपुरती.

तुझी आजी

१० मार्च

प्रिय आजी,

नमस्कार. एका सकाळपुरती ताकद वाढवायची मागणी आमच्या चाचणीखोलीत पहिल्यांदाच आली. साहेबांना पत्र वाचून दाखवलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

आधी इंजिन समजून घे. इंजिन म्हणजे श्वास घेणारी वस्तू. आपल्या गाडीत तीन नळकांडी आहेत, तिन्ही मिळून साधारण आठशे घन सेंटीमीटर जागा, म्हणजे पाण्याच्या लिटरच्या बाटलीपेक्षाही कमी. दर दोन फेऱ्यांत ते तेवढी हवा आत ओढतं, त्यात पेट्रोल मिसळतं, दाबतं, पेटवतं. जागा मोठी तर हवा जास्त, हवा जास्त तर ताकद जास्त. म्हणून मोठं इंजिन जोरदार.

पण सगळं आकारावर नसतं. तेवढ्याच जागेचं इंजिन जास्त वेगाने फिरवलं तर मिनिटाला श्वास जास्त होतात. हवा आणखी घट्ट दाबली तर त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. आत यायच्या झडपा वाढवल्या, किंवा हवा बाहेरून पंख्याने कोंबली, तर छोटं इंजिनही थोरल्याला मागे टाकतं.

मला चढाची लांबी, उंची आणि सगळ्यांची वजनं कळव. आकडे खोटं बोलत नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत मीही नाही.

तुझा नातू

१७ मार्च

इंजिनवाल्या,

तुझं पत्र बाबांनी वाचलं, मी ऐकलं, तुझ्या आईने ऐकलं नाही असं दाखवलं.

सगळं आकारावर नसतं, हे मला कधीच पटलं होतं. तुझे मोठे मामा केवढे थोराड. जिना उतरताना फडताळातली भांडी वाजतात. पण पाण्याची बादली सरकवायची म्हटलं की कंबर धरून बसतात. मोठी जागा, आत हवाच हवा, काम शून्य. उलट शिंपीणबाईंचं मशीन हातभर, पण पायडल मारलं की सकाळपासून दुपारपर्यंत तीन झबली. हे तू शिकायला सात वर्षं घालवलीस, मला विचारलं असतंस तर एका चहात झालं असतं.

वजनांचं मात्र तू घरात नको ते पेटवून दिलंस. तुझ्या बाबांना इतकं खूश मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. माळ्यावरून काटा काढला, पुसला, त्यावर प्रमाणित वजनं ठेवून तो खरा बोलतो का ते बघितलं, आणि सगळ्यांना ओळीने उभं केलं. शिंपीणबाईंना मुद्दाम खालून आणवलं, कारण परीक्षेला पाच माणसं लागणार. त्यांनी कात्री कमरेला होती म्हणून तेवढं वजा करायला लावलं. मला म्हणाले, "सासूबाई, या, चढा." म्हटलं, जावईबापू, टेकडी चढवायचं जमेना आणि काट्यावर चढवताय?

(नोंद: पत्नी ६१ किलो. मी ७४. शिंपीणबाई ५२, कात्रीविना. सासूबाई: नकार. अंदाजे █████. आकडा सासूबाईंच्या आदेशाने खोडला आहे. त्यांना वाचता येत नाही, पण मी काय लिहितो आहे ते माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळतं. चढ: लांबी चारशे दहा मीटर, उंची पासष्ट मीटर, दोरीने मोजली. वळणापर्यंत माझी दोनशे सत्तर पावलं. पुढची मोजलेली नाहीत. – बाबा)

बघ, पायाखालचा रस्तासुद्धा मोजतात. आणि अर्धाच. पाचवं माणूस म्हणून रस्ते कचेरीचे साहेब स्वतः बसणार आहेत. मी त्यांना खिडकीतून पाहिलंय. तुझ्या मोठ्या मामांच्याच मापाचे आहेत.

आजी

२३ मार्च

प्रिय आजी,

गणित केलं. पाच माणसं, त्यात रस्ते कचेरीचे साहेब धिप्पाड धरले, गाडीचं स्वतःचं वजन धरलं, आणि सायकलवाल्याच्या गतीने चढ चढायचा. त्याला फार तर चौदा घोड्यांची ताकद पुरे. आपल्या इंजिनाला कारखान्यातून निघताना सदतीस घोडे होते. बारा वर्षांत सात म्हातारे होऊन बसले म्हण. तीस उरतात. तीस घोड्यांना पाच माणसं जड नाहीत.

म्हणजे आजी, गाडी चढायलाच हवी. तिघांना घेऊन तर गाणं म्हणत चढायला हवी. ती दोघांना नेते आणि तिसऱ्याला नेत नाही, याचा अर्थ ती दहाएक घोड्यांवर अडते. उरलेले वीस घोडे कुठे गेले? इथे आमच्या साहेबांनी फळ्यावर लिहून ठेवलंय, 'आजींचे वीस घोडे'. जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नाही.

मेकॅनिकला बोलावून हवेची जाळी, ठिणगीचे प्लग आणि झडपा बघायला सांग. आणि एक महत्त्वाचं. पेडल दाबलं की इंजिनात थेट पेट्रोल जातं असं लोकांना वाटतं. तसं नाही. पेडल हवेचं दार उघडतं. दार अर्धवटच उघडलं तर इंजिन केवढंही मोठं असो, कितीही हुशारीने बनवलेलं असो, ते उपाशीच राहणार. तेव्हा बघ, आईच्या पायाखाली पेडल पूर्ण खाली जातं का? खाली काही अडकलेलं नाही ना?

नातू

२९ मार्च

अरे लबाडा,

तुझे घोडे आमच्या अंगणात आलेले नाहीत. आले असते तर मी दाणा घातला असता.

मेकॅनिक येऊन गेला. प्लग नवे घातले, जाळी झटकली, झडपांना कान लावला. म्हणाला, "आजी, इंजिन ठणठणीत आहे. एकदा चालवून बघतो." मी दारातच उभी होते. म्हटलं, बाबा रे, या गाडीत बूट घालून चालकाच्या जागेवर बसायचं नाही, हा आमच्या गेलेल्या यजमानांचा नियम आहे. तो बूट काढायला वाकला तर तुझे बाबा धावत आले आणि म्हणाले, मोजे घालूनही नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी बाजू घेतली ती ही पहिली वेळ. मी तर बघतच राहिले.

पेडलखाली काही नाही. काय असणार? मेलं पेडल ते.

(टीप: मी स्वतः पाहिलं. पेडलखाली गालिचा आहे. गालिच्याखाली गाडी आहे. इतर काही नाही. – बाबा)

तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, "मी दाबते तेवढं जातं," आणि भाजी चिरायला लागली. खालच्या खोल्या मात्र बघून आली. एकीला खिडकी आहे म्हणे. खिडकी असते हे सांगायची वेळ यावी, अशी ती खोली.

बावीस दिवस राहिलेत. काहीतरी कर.

आजी

३ एप्रिल

प्रिय आजी,

इथे आम्ही तुझ्याच गाडीसारखं इंजिन भंगारातून आणून चाचणीच्या बाकावर चढवलं. वयाने तुझ्यापेक्षा मोठं, म्हणजे तुझ्या गाडीपेक्षा. त्याने बत्तीस घोडे दिले. मग साहेबांच्या हट्टाखातर आम्ही त्याला दिवसभर खराब करायचा प्रयत्न केला. जाळीत कापूस कोंबला, एक प्लग जुना लावला. तरी ते एकदाही नेमकं तिसऱ्या माणसाला नकार देईल असं वागलं नाही. बिघडलेलं इंजिन असं माणसं मोजत नाही, आजी.

मोठं इंजिन बसवायला त्या गाडीत जागा नाही. हवा कोंबणारा पंखा लावायचा तर आतला निम्मा संसार बदलावा लागेल. एका सकाळपुरतं काहीच होत नसतं.

म्हणून मी रजा टाकली आहे. सतरा तारखेला येतो आणि गाडी स्वतः खोलतो. बोनेटपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत. गालिच्यासकट. तरीही जमलं नाही, तर आई म्हणते तशा खोल्या घ्याव्या लागतील.

नातू

८ एप्रिल

बाळा,

आज लिहिणारा हात शिंपीणबाईंचा आहे. तुझे बाबा वाचनालयात आहेत, तुझी आई बाहेर गाडीत बसून आहे. पत्त्यांचा डाव मोडून बसलोय, यावरून प्रसंग ओळख.

(मी शिवणकाम करते, लिखाण नाही. चुकलं तर उसवून घ्या. – शिंपीणबाई)

तू येऊ नकोस. पेडलखाली ठोकळा आहे.

सागवानी आहे, काळा रंगवलेला, गालिच्याखाली दोन स्क्रूंनी बसवलेला. तुझ्या आजोबांनी बसवला, पण बुद्धी माझी. तू शिकायला गेलास त्याच वर्षी बाबा लवकर निवृत्त झाले आणि तुझे आईबाबा वर राहायला आले. चांगलं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण मग जावई सकाळी घरात, दुपारी घरात, स्वयंपाकघरात पाव किलो डाळ खरंच पाव किलो आहे का बघायला हजर. लेकीशी दोन शब्द बोलायची सोय नाही. 'आई, बरी आहेस का' हे सुद्धा तिने त्यांच्यादेखत विचारायचं आणि मी त्यांच्यादेखत 'बरी आहे' म्हणायचं!

गाडी नवी आली तेव्हा मी यजमानांना म्हटलं, असं काही करा की चढावर दोघी जाऊ, तिसरा नाही. ते हसले नाहीत. तीन गुरुवार खपले. ठोकळा तासायचे, बसवायचे, जावयाला मागे बसवून चढावर न्यायचे, परत काढून थोडा तासायचे. तिसऱ्या गुरुवारी गाडी नेमकी थांबली. जावई उतरले, गाडी सुरू झाली. यजमानांनी आरशात माझ्याकडे बघितलं. पुढे सगळी वर्षं मला गुरुवारी चढावरची पाच मिनिटं मिळाली. लेक माझी आहे, असं वाटायची पाच मिनिटं.

आता ठोकळा काढला तर घर वाचतं, आणि नाही काढला तर घर जातं. एवढं मलाही कळतं. पण मला वाकता येत नाही, शिंपीणबाईंना सुईपलीकडचं दिसत नाही. आणि जावयांना कसं सांगू, की अहो, बारा वर्षं तुम्हाला मी चालवलं, इंजिनाने नाही?

तूच काहीतरी युक्ती सांग. पण पत्र बाबाच वाचतात, हे लक्षात ठेवून सांग.

आजी

८ एप्रिल

चिरंजीव,

हे पत्र मी वाचनालयातून लिहितो आहे. सासूबाईंना माहीत नाही. तू मला फारसं लिहीत नाहीस, मीही तुला लिहीत नाही. जे लिहिलं ते कंसात लिहिलं. आज कंस नाही.

पेडलखाली ठोकळा आहे. मला तो पहिल्याच महिन्यात सापडला. आयुष्यभर लोकांच्या तराजूखाली चिकटवलेली चिंच आणि मेण शोधलं, मला माझ्याच घरातला ठोकळा दिसणार नाही का? मी तो काढला, मोजला. एकवीस मिलीमीटर, एका बाजूने अर्धा मिलीमीटर कमी. तुझ्या आजोबांनी माझं वजन हाताच्या अंदाजाने ओळखून लाकडात उतरवलं होतं. नोकरीत एवढं अचूक माप मी पाहिलं नाही. मी तो जपून होता तसा बसवला.

का, ते सांगतो. सासूबाईंवर माझा राग नाही. पण त्या बोलतात, आणि मी उत्तर शोधेपर्यंत त्या पुढच्या विषयावर गेलेल्या असतात. चढावर उतरलो की कुणी काही विचारत नाही. नुसती पावलं वाजतात. गुरुवारची ती चढण माझी आहे. ती कुणी मला दिली आहे असं त्यांना कळलं, तर त्या ती परत घेतील किंवा तिच्यावर विनोद करतील. विनोद जास्त वाईट.

पण खालच्या खोल्यांत सासूबाई राहू शकणार नाहीत. ते मला बघवणार नाही. ठोकळा मी काढू शकतो. मला फक्त गाडीजवळ एकट्याला वेळ हवा. त्या सारख्या दारात उभ्या असतात. काहीतरी शास्त्रीय कारण काढ.

तुझे बाबा

१२ एप्रिल

प्रिय आजी (आणि वाचून दाखवणारे बाबा),

माझी रजा रद्द झाली. येण्याची गरजही नाही. आमच्या साहेबांशी बोललो. दोष सापडला आहे.

या प्रकारच्या छोट्या इंजिनांना परीक्षेआधी एकांत लागतो. वीस तारखेला सकाळी सहा ते सात गाडी अंगणात एकटी ठेवावी. घरातल्या सर्वांनी आत राहावं, पडदे लावावेत. अंगणात काही आवाज आला तर ते धातू थंड होताना करतो तसले आवाज समजावेत. कुणी बाहेर गेलंच, तर बाकीच्यांनी ते पाहू नये.

मग आईने पेडल पूर्ण दाबावं. पूर्ण म्हणजे पूर्ण.

एवढं खोटं शास्त्र... एवढं *खोल* शास्त्र पत्रात समजावणं कठीण आहे. विश्वास ठेवा.

नातू

२१ एप्रिल

इंजिनवाल्या,

घर वाचलं!

हे तुझे बाबा लिहितायत, तेव्हा मी जपून सांगते. काल सहा वाजता पडदे लावून सगळे आत बसलो. तुझे बाबा पोट बिघडल्यामुळे मागच्या दाराने गेले. शिंपीणबाई भल्या पहाटे चालत वर आल्या होत्या, त्या हवा खायला पुढच्या दाराने गेल्या. तुझी आई तर पाचपासूनच दिसली नव्हती. एवढा एकांत त्या गाडीला जन्मात मिळाला नसेल.

(टीप: पोट आता बरं आहे. – बाबा)

साडेआठला रस्ते कचेरीचे साहेब आले. मागे तिघं बसायचे, मध्ये साहेब. जावई एका काचेला चिकटले, शिंपीणबाई दुसरीला. शिंपीणबाई म्हणाल्या, "साहेब, कपडा कमी पडतोय." साहेबांनी फलक धरला होता, तो धरायलाही जागा नव्हती, म्हणून माझ्या मांडीवर दिला. पायथ्याला नेहमीच्या जागी आलो आणि काय सांगू, जावईबापूंचा हात आपोआप दाराकडे गेला! मी ओरडले, बसा! ते बसले. तुझ्या आईने पेडल दाबलं.

अरे, गाडी अशी उसळली की साहेबांची टोपी मागच्या काचेवर. इतकी वर्षं खोकणारी ती, काल गरजली. पाववाला रस्त्याच्या कडेला पाव छातीशी धरून उभा राहिला. वळण कधी गेलं कळलं नाही. घर आलं, गेलं, तुझ्या आईला थांबवता येईना, टेकडी संपली तेव्हा थांबलो. साहेब म्हणाले, "पाच वर्षांचा परवाना देतो, पण मला पायी उतरू द्या."

तुझे घोडे मिळाले रे. वीसच्या वीस.

आजी

८ मे

बाळा,

पुन्हा शिंपीणबाईंचा हात.

आधी राहिलेलं सांगते. त्या सकाळी शिंपीणबाई चाचपडत गेल्या, तर ठोकळा जागेवर नव्हता. नुसती दोन भोकं. तूच मेकॅनिकला पाठवलं असणार, शहाणा माझा.

(भोकं बोटाने बघितली. काज चांगलं होतं. – शिंपीणबाई)

पण त्यानंतरचा गुरुवार! पायथा आला, गाडी थांबली नाही, तिघंही बसून राहिलो. मी लेकीकडे बघितलं, तिने रस्त्याकडे. जावई मागे. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं काहीतरी बोलावं, म्हणून त्यांनी पाट्या वाचल्या. "पुढे वळण आहे," म्हणाले. "सावकाश जा," म्हणाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याच पाट्या पुन्हा. दारात जावई आणि मी एकदम उतरलो आणि तुझ्या आईने गाडी दोन मिनिटांत लावली! म्हणजे लावता येते बाईला. मग तिघंही घरात जाऊन तीन खोल्यांत बसलो. घर राखलं मी, पण त्यात करायचं काय ते कळेना.

आणि परवा काय झालं असेल? पायथ्याशी गाडीने धाप टाकली! खोकली, थांबली. मागून जावईबापू असे उतरले, जसं पोराला शाळेतून सोडलं. आणि मी लेकीला पहिल्या वळणाच्या आत विचारलं, "बरी आहेस का गं?" ती म्हणाली, "आता आहे." तिला पुन्हा गाडी लावायला वीस मिनिटं लागली.

पण ठोकळा मी बसवलेला नाही रे. मग इंजिन खरंच गेलं का? उघडायला लावू का मेकॅनिकला? खरं ते कळव.

आजी

८ मे

राजा,

आजीच्या पाकिटात ही चिठ्ठी घालते आहे. शिंपीणबाईंनी 'बघितली नाही' असं सांगितलं.

पेडलवर पाय माझा असतो, बारा वर्षं. तुम्हा सगळ्यांना वाटलं मला कळलं नाही? परीक्षेच्या पहाटे स्क्रू मीच सैल करून ठेवले होते, तुझ्या बाबांना वाकून जोर लावायला लागू नये म्हणून. ठोकळा त्यांच्या कप्प्यात रुमालात बांधून ठेवलाय, तो मी घेतला नाही. नवा तासला. सुताराची लेक आहे मी. तीन गुरुवार नाही लागले.

आजीला तिची पाच मिनिटं माहीत आहेत, बाबांना त्यांची पावलं. माझी कुणी विचारली नाहीत. आजीला दारात सोडलं की मी गाडी वळवते आणि खाली येते. वळणावर तुझे बाबा कठड्यावर बसलेले असतात. मी शेजारी बसते. आम्ही काही बोलत नाही. खाली गावातले दिवे लागायच्या आधी मग वर येतो, दोघं असलो की गाडी चढते. घराच्या अलीकडे ते उतरतात आणि धापा टाकत आत येतात.

बाबांना सांगू नकोस की मी सांगितलं.

आई

१४ मे

घरातल्या सर्वांस,

हे पत्र बाबांनी मोठ्याने वाचावं, आईने भाजी चिरता चिरता ऐकावं, आणि शिंपीणबाई तिथे असतील तर त्यांनीही.

मी गाडीची सगळी माहिती पुन्हा तपासली. आधीचं माझं गणित चुकलं होतं. सदतीस घोडे कारखान्याच्या कागदावर असतात. खरी ताकद इंजिनाच्या आकारावर, घडणीवर आणि ते किती वर्षं कोणत्या घरात राहिलं यावर ठरते. वीस एप्रिलला त्याने जे केलं ते पाहुण्यांसमोर केलं. त्याच्याकडून रोज तशी अपेक्षा करू नये.

बिघाड काहीही नाही. उघडू नये, मेकॅनिकला बोलावू नये, गालिचा उचलू नये. साहेबांना दाखवून खाली कारखान्याचा शिक्का मारून घेतला आहे.

हे इंजिन दोन माणसांसाठी बनवलेलं आहे. कोणतीही दोन.

तुमचा
इंजिनवाला